आमणे ते अंजूरफाटा : वेगाला जाब विचारतो कोण?

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी संपतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि भिवंडीच्या दाराशी एक नवाच वेग येऊन उभा राहिला. समृद्धीवर मोटारीला सपाटीला ताशी १२० आणि घाटात व बोगद्यात १०० किलोमीटरची मुभा आहे, मालट्रकला ८० ची. आमण्याला उतरलेले वाहन वडप्यापाशी मुंबई–नाशिक महामार्गाला लागते. तिथून कुणी रांजणोली, मानकोली, खारेगाव करत ठाण्याकडे जातो, कुणी कल्याणकडे वळतो, तर माल घेऊन आलेला ट्रक राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर इथल्या गोदामांच्या गल्ल्यांत शिरतो. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या या पट्ट्यात रस्त्याचे मालकही बदलतात आणि राखणदारही. समृद्धी रस्ते विकास महामंडळाची, वडप्यापलीकडचा नाशिककडचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, माजिवडा ते वडपे हा तुकडा आठपदरी करण्यासाठी पुन्हा महामंडळाकडे, वाड्याकडे जाणारा राज्याचा, शहरातला महापालिकेचा. पडघ्याकडे ठाणे ग्रामीण पोलीस, कोनगाव-नारपोलीकडे ठाणे आयुक्तालयाची वाहतूक शाखा, शिवाय महामार्ग पोलीस आणि आरटीओची पथके आहेतच. वेगाच्या बाबतीत हे सगळे सारखेच कडक असतील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. पण कडकपणा कमी-जास्त व्हायचाच असेल, तर तो कशाच्या मापाने व्हावा, हा प्रश्न विचारायलाच हवा. आज तो रस्त्याच्या किमतीच्या मापाने ठरतो. रस्ता जितका महाग, कुंपण घातलेला आणि टोल भरून वापरायचा, तितका तिथल्या वेगावर पहारा पक्का. जिथे माणसे चालतात, सायकल हाकतात, दुचाकीवर घरी जातात, तिथे पहारा विरळ होत जातो. हे उलटे आहे, आणि भिवंडीत ते जितके ठळक दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ वेगमर्यादा घालते आणि कलम १८३ ती ओलांडणाऱ्याला दंड ठोठावते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून कमाल मर्यादा वाढवल्या. द्रुतगती मार्गावर मोटारीला १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर १००, आणि महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर ७०. मालवाहू वाहनांना महामार्गावर ८०, महापालिका हद्दीत ६०. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द ठरवली, पण समृद्धीवरची १२० ची पाटी काही त्यामुळे उतरली नाही. आपल्याकडे न्यायालयाचा निकाल आणि रस्त्यावरची पाटी यांची गाठ पडतेच असे नाही. या आकड्यांतला शेवटचा आकडा पुन्हा वाचा. स्थानिक प्रशासनाने खालची मर्यादा घातली नसेल, तर महापालिकेच्या हद्दीत मालट्रकने ताशी ६० ने जाणे हा गुन्हाच नाही. ज्या शहरात यंत्रमागाची पाळी सुटल्यावर हजारो कामगार रस्त्यावर येतात, तिथे दहा-बारा चाकांच्या गाडीला ६० ची सवलत आहे. म्हणजे ढिलाईची सुरुवात पोलिसांपासून होत नाही, ती मर्यादेच्या आकड्यापासूनच होते.

आता पहारा कसा असतो ते पाहू. वेग दोन रीतींनी मोजता येतो. एक, एका ठिकाणी स्पीडगन किंवा कॅमेरा लावून त्या क्षणाचा वेग टिपणे. ही जुनी रीत, आणि तिची खोड प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. समोरून येणारा डिपर मारतो, फोनमधला नकाशा सूचना देतो, गाडी तेवढ्यापुरती हळू होते आणि इंटरसेप्टर मागे पडला की पुन्हा पहिल्यासारखी सुटते. दुसरी रीत म्हणजे दोन ठिकाणी गाडीची नंबरप्लेट टिपून मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी काढणे. इथे डिपर मारून काही साधत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेली आयटीएमएस म्हणजेच बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा या दोन्ही रीती वापरते. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात आरटीओने याहून साधी युक्ती केली. टोलनाक्यावर शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ ताडून पाहायची, वेळेआधी पोचलेल्याला थांबवायचे आणि दंडाबरोबर समुपदेशनाला बसवायचे. युक्ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. घाईत असलेल्या माणसाचा वेळच काढून घेण्याइतकी नेमकी शिक्षा दुसरी नसेल.

राज्याराज्यांत फरक आहेत आणि ते बोलके आहेत. कर्नाटकात १ ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० च्या वर वाहन हाकणाऱ्यावर केवळ दंड न करता निष्काळजी वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवायचे ठरले. त्याआधीच बेंगळुरू–म्हैसूर महामार्गावर कॅमेरे बसले होते आणि मुख्य मार्गिकांवरून दुचाकी-रिक्षा हटवल्या गेल्या होत्या. त्या रस्त्यावर २०२३ मध्ये १८८ जणांचा जीव गेला होता, २०२४ मध्ये ही संख्या ५० च्या आसपास आली. उत्तर प्रदेशात यमुना द्रुतगती मार्गावर धुक्याच्या दिवसांत, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मोटारींची मर्यादा १०० वरून ७५ वर आणली जाते. ऋतूप्रमाणे मर्यादा बदलण्याचा हा शहाणपणा कसारा घाटाच्या पावसाळी धुक्यालाही लागू पडावा. गुजरातने २०१९ मध्ये केंद्राचा सुधारित कायदा येताच बरेच दंड कमी केले. महाराष्ट्राने तो कायदा लागू करायलाच डिसेंबर २०२१ उजाडला. केरळने जून २०२३ मध्ये ७२६ कॅमेरे लावले आणि देशभर गवगवा झाला. पण त्यातले ६७५ हेल्मेट, सीटबेल्ट अशा गोष्टींसाठी होते. वेग मोजणारे स्थिर कॅमेरे होते फक्त चार, आणि फिरते चार. कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्यातही वेगाच्या वाट्याला एवढेच आले. या सगळ्या उदाहरणांत एक धागा आहे. जिथे यश मिळाले ते बहुधा कुंपणातल्या, प्रवेश मर्यादित असलेल्या रस्त्यावर मिळाले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही तसेच. तिथे २०१६ मध्ये १५१ जण दगावले होते. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर’ उपक्रमात कठडे, रस्त्याकडेचे अडथळे, रुग्णवाहिका आणि वेगावरची देखरेख अशा कामांकडे लक्ष दिले गेले आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. कडकपणाने जीव वाचतात याचा हा पुरावा आहे. मात्र कुणाचे जीव, हे पाहायला हवे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. देशातल्या मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. दोन्ही मिळून ६४ टक्के होतात. आता समृद्धीवर किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि पायी चालणाऱ्याला तर अर्थातच आहे. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर तीन माणसांतली जवळजवळ दोन अशा वर्गातली आहेत, ज्यांना सर्वांत चोख पहारा असलेल्या रस्त्यांवर पाऊल ठेवण्याचीही परवानगी नाही. त्याच अहवालात रस्त्यांप्रमाणेही वाटणी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर, द्रुतगती मार्ग धरून, ३६.२ टक्के मृत्यू झाले, राज्य महामार्गांवर २४.३ टक्के, आणि उरलेल्या ‘इतर’ रस्त्यांवर ३९.४ टक्के. जिल्ह्याचे रस्ते, गावाचे रस्ते, शहराचे रस्ते हे सगळे त्या ‘इतर’ मध्ये. वेगाच्या पहाऱ्याचा पैसा, यंत्रे आणि माणसे या वाटणीच्या प्रमाणात खर्च होतात असे म्हणण्याचे धाडस परिवहन खात्यातला अधिकारीही करणार नाही.

मानकोली नाक्यावरून आत वळ-पूर्ण्याकडे जाणारा रस्ता रात्री अकरानंतर पाहिला, तर टक्केवारीचा अर्थ कळतो. ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यांना मुख्यतः दुपारचे काही तास आणि रात्र मोकळी. जेएनपीटीहून निघून कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपासमार्गे आलेले कंटेनर आणि नाशिककडून आलेले ट्रक दिवसभर कुठे कुठे थोपवून धरलेले असतात. घड्याळाचा काटा ठरलेल्या जागी आला की ते एकदम सुटतात. प्रत्येकाला पहाटेच्या बंदीआधी गोदामाच्या दारात गाडी लावून माल खाली करायचा असतो. ट्रिप वाढली तर भत्ता वाढतो, उशीर झाला तर भाड्यातून कापले जाते. त्याच वेळी गोदामातल्या दुसऱ्या पाळीचे हमाल आणि पॅकिंग करणारी पोरे बाहेर पडतात. दोघे-तिघे एका दुचाकीवर, कुणी चालत. रस्त्याला पदपथ असला तरी त्यावर टायरवाल्याचा आणि चहावाल्याचा संसार मांडलेला. दुभाजकात कुणीतरी दगड हलवून पाडलेली फट, तीच सगळ्यांची रस्ता ओलांडायची जागा. इथे ताशी ४० ने येणाऱ्या ट्रकच्या चालकाला माणूस दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण पंचवीस मीटर लागतात. ताशी ८० ने येत असेल तर सत्तर मीटर, आणि माल भरलेला, ब्रेक घासलेले असतील तर त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या पुस्तकात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ताशी ५० ने जाणाऱ्या मोटारीने धडक दिल्यास प्रौढ पादचारी मरण्याची शक्यता वीस टक्क्यांहून कमी असते, ८० ला ती साठ टक्क्यांच्या जवळ जाते. हे मोटारीचे झाले. कंटेनरच्या पुढच्या भागाखाली सापडलेल्या माणसाला असल्या शक्यतांची चैन परवडत नाही.

यावर भिवंडीकर हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. अहो, इथे गाडी पुढे सरकत नाही, वेगाचे काय घेऊन बसलात? रांजणोलीला तासन्‌तास कोंडी, वाडा रस्त्यावर खड्ड्यांतून रस्ता शोधायचा, चिंचोटी–अंजूरफाटा–मानकोली मार्गाच्या नावाने आंदोलने झाली, टोलविरोधात माणसे रस्त्यावर उतरली. खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंची भरपाई सहा लाख रुपये द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये काढावा लागला. अशा ठिकाणी वेगाचे कॅमेरे लावणे म्हणजे भुकेल्याला मिताहाराचा सल्ला, असे कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कोंडी दिवसाची असते आणि वेग रात्रीचा. दिवसभर तुंबलेला चालकच रात्री मोकळ्या तुकड्यावर वेळ भरून काढतो, त्यामुळे कोंडी ही वेगाची विरोधी नाही, ती त्याची आई आहे. आणि खड्ड्याने होणाऱ्या मृत्यूचे स्वरूप बारकाईने पाहिले तर बहुतेकदा त्यात दोन गोष्टी असतात. दुचाकीस्वार खड्डा चुकवायला वळतो किंवा त्यात आदळून पडतो, आणि मागून येणारे अवजड वाहन थांबू शकत नाही. पहिल्या गोष्टीला कंत्राटदार आणि अभियंता जबाबदार, त्यांना सोडण्याचे काहीच कारण नाही. दुसरी मात्र वेगाची आहे. मागचा ट्रक ३० ने येत असता तर पडलेला माणूस उठून कंत्राटदाराला शिव्या घालायला जिवंत राहिला असता.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि तो जास्त वजनाचा. मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२२ च्या ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. ही नोंद पोलिसांच्या फिर्यादीवरून होते, आणि फिर्यादीची भाषा ठरलेली. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ हे वाक्य लिहिताना हवालदाराच्या हातात वेग मोजलेला कागद नसतो. रस्त्याची वळणे, दिव्यांचा अभाव, चुकीच्या जागी सोडलेला दुभाजक, या साऱ्यांचे खापर ‘भरधाव’ या एका शब्दावर फुटते आणि रस्ता बांधणारा सुटतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ प्रवासी दगावले तेव्हाही पहिली प्रतिक्रिया वेगाचीच होती. आरटीओच्या तपासात मात्र बसची सरासरी मर्यादेच्या आत निघाली. तेव्हा ७१ टक्क्यांचा आकडा मी या लेखाचा आधार मानत नाही. त्याची गरजही नाही. अपघाताचे कारण काहीही असो, डुलकी, टायर फुटणे, मधे आलेले जनावर किंवा पडलेला दुचाकीस्वार, त्या क्षणी वाहनाचा वेग काय होता यावर अपघाताचा शेवट ठरतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते फिर्यादीच्या भाषेवर अवलंबून नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. ही सगळी वसुली आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या यंत्रणेने पहिल्या वर्षभराच्या आतच २७ लाखांहून जास्त चलने काढली, दंडाची रक्कम ४७० कोटींच्या घरात गेली, आणि प्रत्यक्ष जमा झाले ५१ कोटींच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप पुकारला. घाटात अवजड वाहनांची मर्यादा ताशी ४० इतकी खाली ठेवल्याने प्रत्येक फेरीला पावती फाटते, ही त्यांची तक्रार. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलने लावली जातात, ही आणखी एक, आणि तसे करू नये असे पोलिसांच्या वरिष्ठांनाच परिपत्रक काढून सांगावे लागले. वाहतूकदारांच्या सगळ्या मागण्या मान्य करण्याजोग्या नाहीत, पण त्यांच्या चिडीमागे एक खरी गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक पाटी हवी, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पोचली पाहिजे. दंड सहा महिन्यांनी, गाडी विकायला काढल्यावर, एकगठ्ठा कळला तर त्याने वेग कसा कमी व्हावा? तोपर्यंत त्या ट्रकवरचे तीन चालक बदललेले असतात. ज्याने पाय दाबला तो दुसऱ्या मालकाकडे आणि भरायचे तिसऱ्याने. ४७० कोटींतले ५१ कोटीच जमा होतात, याचा अर्थ शासन गल्ला भरते असा होत नाही. याचा अर्थ असा की दहातले नऊ जण चलनाला भीक घालत नाहीत, आणि न भरता चालते हे त्यांना कळून चुकले आहे. दंडाची रक्कम वाढवून यात फरक पडणार नाही. दोन हजारांचा दंड दहात एकाने भरण्यापेक्षा तीनशेचा दंड प्रत्येकाने आठवड्याच्या आत भरला, तर रस्ता लवकर शहाणा होईल.

फ्रान्सचा दाखला इथे कामाचा आहे. तिथे २००२ मध्ये ७,२४२ लोक रस्त्यावर मेले. पुढच्या वर्षी स्वयंचलित वेगकॅमेरे बसवायला सुरुवात झाली. दंड डोळे पांढरे करणारे नव्हते, पण टपालाने हमखास येत आणि परवान्याचे गुण कापले जात. २०१० पर्यंत मृत्यू चार हजारांच्या खाली आले. सगळे श्रेय कॅमेऱ्यांना देता येणार नाही, मोटारीही सुधारल्या. पण याच फ्रान्सने २०१८ मध्ये दुय्यम रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० केली, तेव्हा खेड्यातल्या लोकांनी तो निर्णय पॅरिसवाल्यांनी लादलेला मानला आणि त्याच वर्षाअखेरच्या पिवळ्या जाकीटवाल्यांच्या आंदोलनात निम्म्याहून जास्त कॅमेरे फोडले किंवा झाकले गेले. कडकपणाला लोकांची संमती लागते. ती मिळवायची तर हा पहारा माझ्या पोराच्या जिवासाठी आहे, हे रस्त्याकडेच्या माणसाला दिसले पाहिजे. राहनाळच्या आईला कॅमेरा शाळेपाशी हवा असेल. तो बोगद्यात बसवून तिची संमती मिळणार नाही.

कॅमेरा नुसता असून भागत नाही, हे भिवंडीपासून फार लांब नसलेल्या चारोटीने दाखवले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. त्यांची मोटार चारोटी नाक्यावरच्या कॅमेऱ्यात दुपारी २.२१ ला दिसली होती आणि वीस किलोमीटर पुढे अपघात झाला २.३० च्या सुमारास. नऊ मिनिटांत वीस किलोमीटर म्हणजे ताशी १३० च्या वर. हा हिशेब करायला सगळी सामग्री त्या दिवशी महामार्गावर हजर होती. तो केला गेला माणसे मेल्यानंतर. शिवाय त्या पुलापाशी तीन पदरांचे दोन होत होते, म्हणजे रस्ताही निर्दोष नव्हता. त्या घटनेनंतर देशात मागच्या सीटच्या पट्ट्यावर भरपूर चर्चा झाली, सरासरी वेगाच्या हिशेबावर फारशी झाली नाही.

आणि माणसे लावून केलेला कडकपणा कधी कधी जीवघेणाही ठरतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे वैजापूरजवळ समृद्धीवर उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून बारा भाविक ठार झाले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने थांबवला होता, असे तपासात पुढे आले आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. १२० च्या रस्त्यावर मार्गिकेत गाडी उभी करणे म्हणजे भिंत बांधणे. कागदपत्रे तपासायला नाके आहेत, वेग मोजायला यंत्रे आहेत. मधल्या रस्त्यात हात दाखवून ट्रक थांबवण्यामागे हेतू काय असतो, हे ट्रकवाल्यांना विचारले तर ते ‘एंट्री’ (म्हणजे चिरीमिरी) या एकाच शब्दात उत्तर देतात. मोटार वाहन कायद्यातही केवळ कुणा साक्षीदाराला गाडी वेगात वाटली म्हणून शिक्षा करता येत नाही, वेगाला यंत्राचा आधार लागतो. ती तरतूद शिपायाच्या अंदाजावर विसंबू नये म्हणूनच आहे. तरी पथके अंदाजाने थांबवतात आणि अंदाजाने सोडतात.

चालकाच्या पायावर सगळे ओझे टाकण्यातही एक लबाडी आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून मालवाहू वाहनांना ताशी ८० वर अडवणारे वेगनियंत्रक बसवणे सक्तीचे आहे. ते तपासणीच्या दिवशी चालू असतात आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जोडणी बदलून घेतली जाते, हे त्या धंद्यात गुपित नाही. गोदामांच्या फाटकावर गाडी आत आल्याची वेळ मिनिटासकट लिहिली जाते. मोठ्या कंपन्यांच्या मालाच्या गाडीवर जीपीएस असते. गाडी कुठे अडली हे त्यावरून कळते, तसेच ती कुठे उडाली हेही कळते. नाशिकहून निघालेला ट्रक अशक्य वेळेत आला, तर तो वेळेवर आला म्हणून गोदामवाला खूश होतो. ज्याने घाई लावली त्याच्याकडे या बाबतीत कुणी पावती घेऊन जात नाही. देशातल्या सगळ्यांत मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक इथे आहे, तेव्हा वेगाला जाब विचारण्याची सुरुवात गोदामाच्या नोंदवहीपासून करण्याचा मान भिवंडीने घ्यायला हरकत नाही.

मग भिवंडीत नेमके काय करायचे? आमण्याला समृद्धी सोडणाऱ्या चालकाची नजर शेकडो किलोमीटर मोठ्या वेगाला सरावलेली असते. त्याला ७० चा वेग ४० सारखा वाटू लागतो. हा डोळ्यांचा भ्रम रस्ता-मानसशास्त्राला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. त्यावर उताराही आहे, एकमेकींच्या जवळ जवळ येत जाणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या मर्यादा. आमणे ते वडपे या जोडरस्त्यावर ही व्यवस्था हवी, आणि वडपे ते माजिवडा या तुकड्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, मोठ्या पाट्यांसकट. पण त्याहून आधी रांजणोली, मानकोली, अंजूरफाटा, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी आणि वाडा रस्त्यावरच्या गावठाणांतून जाणारे तुकडे ठरवून तिथे अवजड वाहनांची मर्यादा ३० वर आणली पाहिजे, खासकरून रात्रीची. मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. दहा माणसे मरेपर्यंत वाट पाहणारी व्याख्या भिवंडीने पाळलीच पाहिजे असे नाही. नियम १६७अ चा रोख महामार्गांवरच्या धोक्याच्या आणि वर्दळीच्या पट्ट्यांवर आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. ‘वर्दळ’ हा शब्द तिथे आधीच आहे. पोलीस अपुरे आहेत, ही सबब कॅमेऱ्याला लागू होत नाही. पैसा नाही, ही सबब आठपदरी रस्ता बांधणाऱ्या राज्याला शोभत नाही.

आणि मर्यादा खाली आणायला तर कॅमेराही लागत नाही. कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली एखाद्या रस्त्याचे स्वरूप किंवा लोकांची सुरक्षितता पाहून तिथली मर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने ठराव करावा, पोलिसांनी अधिसूचना काढावी, सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महापालिकेने पाट्या लावाव्यात. त्याला नवा कायदा लागत नाही, आणि पाट्यांचा खर्च समृद्धीवरच्या एका कमानीहूनही कमी येईल.